पुढच्या वर्षीचे आंबे

तोडकर सरांनी गुंडाळीचा दोरा सोडला, कागद टेबलावर पसरला आणि तो पुन्हा गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. पंचिंग मशीन, शैलाताईंच्या चष्म्याचं घर, माझा चहाचा कप आणि स्वतःची तंबाखूची डबी. मग ते दोन पावलं मागे सरकले.

टेबलावर आंबेच आंबे झाले.

"अरे बाप रे," शिरसाट म्हणाले. "सर, वास येतोय हो!"

शैलाताईंनी टाळीच वाजवली. "हेच! हेच मी फेब्रुवारीपासून कानीकपाळी ओरडत होते. आता झालं पुस्तक पुरं!"

चित्र खरोखर देखणं होतं. फांदी न् फांदी वाकलेली, आंबे पिवळेजर्द, आणि प्रत्येक आंब्याच्या गालावर नटीच्या गालावर असते तशी लाली. उजेड खालून वर येत होता, सिनेमाच्या फलकावर येतो तसा. मी ते पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर तेच झाड उभं होतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि झाडाला एकसुद्धा आंबा नव्हता.

हे मी तिथेच सांगायला हवं होतं. पण माझा आवाज लहान आहे. तेव्हा आणखी लहान होता.

शैलाताई ढवळे लहान मुलांची पुस्तकं काढत. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा बंगला, तळमजल्यावर ऑफिस, मागे अंगण आणि अंगणात रायवळ आंब्याचं हे जुनं झाड. शिरसाट छपाई आणि विक्री बघत. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन पुण्यात रिकामी बसले होते. संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली नव्हती आणि कुडाळच्या घरून दर आठवड्याला फोन येत होता, "मग, पुढे काय?" अशात शैलाताईंच्या एका पुस्तकात मला सहा पायांचा कोळी दिसला. मी पोस्टकार्ड टाकून आठ पाय कळवले. त्यांनी उलट टपाली बोलावून घेतलं आणि नेमणूकच केली. कामाचं नाव 'शास्त्रीय सल्लागार'. काम असं, की बदकाच्या बोटांमध्ये पडदा आहे ना, चंद्रकोर योग्य बाजूला वळली आहे ना, हे छापण्याआधी पाहायचं आणि सही करायची.

ऋतूंच्या पुस्तकाची कल्पना शैलाताईंची. बाजारात मिळणारी ऋतूंची चित्रपुस्तकं त्यांनी एकदा आमच्यापुढे आपटली होती.

"हे बघ परब. शरद ऋतू. सगळी झाडं केशरी! पुण्यात ऑक्टोबरात कुठलं झाड केशरी होतं गं? आणि हा हिवाळा. बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. आपल्या पोरांना वाटतं, हिवाळा म्हणजे गाजर."

गाजरहलव्याचे दिवस लक्षात घेता पोरांचं फारसं चुकत नव्हतं.

"आपण आपलं झाड घ्यायचं," शैलाताई म्हणाल्या. "हे समोरचं. सहा ऋतू, बारा चित्रं. पाऊस लागला की सुरुवात, आणि शेवटच्या पानावर झाडभर आंबे. तीन वर्षांच्या मुलालाही कळेल वर्ष कसं फिरतं ते."

हे ठरलं तेव्हा आम्ही सगळे त्याच झाडाखाली बसलो होतो. आदल्या वर्षीचा मे. झाडाला इतके आंबे लागले होते की पानं शोधावी लागत. खाली वर्तमानपत्रं अंथरली होती आणि सगळ्यांच्या कोपरापर्यंत रस ओघळत होता. मी म्हणाले, "या झाडाला पुढच्या वर्षी बहुधा आंबे येणार नाहीत. इतकी फळं आली की झाड एक वर्ष थांबतं." आमच्या कुडाळला हे सांगायला पदवी लागत नाही. पण शिरसाट तेव्हा कोय चोखत होते आणि तो आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा होता. शैलाताईंनी माझ्यापुढे टोपली सरकवली. "घे गं अजून. संकोच कसला!"

'बहुधा' हा माझा आवडता शब्द. शास्त्र शिकलं की तो अंगात मुरतो. ज्याची खात्री नाही ते ठामपणे बोलू नये, आणि खात्री तशी कशाचीच नसते. शैलाताई म्हणायच्या, "परब, तुझं लग्न ठरलं ना, तर पत्रिकेवरसुद्धा 'बहुधा' छापशील."

चित्रांसाठी त्यांनी तोडकर सरांना आणलं. नारायण तोडकर मूळचे सोलापूरचे. थिएटरांसमोर उभे राहणारे सिनेमाचे फलक त्यांनी उभा जन्म रंगवले होते. मग छापील फलक आले आणि सर भवानी पेठेत लेकीकडे येऊन राहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली.

"समोर जे दिसंल तेवढंच काढणार. मनाचं काही नाही."

"म्हणजे?" शैलाताईंनी विचारलं.

"म्हणजे असं ताई, की चाळीस वर्षं न पाहिलेल्या बायका रंगवल्या. फोटो द्यायचे, तो पण काळापांढरा. गालाला रंग कुठला, साडीला कुठला, सगळं मीच ठरवायचं. एकदा तर व्हिलनला हिरोचे डोळे दिले, पब्लिकला कळलं पण नाही. आता बास झालं. आता झाड बघणार आणि झाड काढणार."

"आणि नाव?" ही शंका सरांचीच. स्वतःच उत्तर देऊन टाकावं तसं ते पुढे म्हणाले, "फलकावर खाली कोपऱ्यात लिहायचो, 'टी. नारायण'. थिएटरवाले तेवढीच पट्टी कापून तिकिटाचे दर चिकटवायचे."

"मुखपृष्ठावर येईल," शैलाताई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. चित्रं: नारायण तोडकर."

सरांनी स्टूल उचललं आणि ते अंगणात गेले.

मग वर्षभर ते येत राहिले. एकाच जागी स्टूल ठेवायचे, तोंडात तंबाखू, मांडीवर फळा. पावसाळ्यात काळीभोर ओली फांदी काढली आणि तिच्यावर वाळत टाकलेला शिरसाटांचा रेनकोट. शैलाताईंना तिथे छत्री घेतलेला बेडूक हवा होता.

"बेडूक आहे की," सर म्हणाले. "हा बघा, मुळाशी. छत्री नाही त्याच्याकडे."

संक्रांतीला झाडात अडकलेला पतंग आला. आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे बोका होता. आमच्या ऑफिसचा, पिवळ्या पट्ट्यांचा, कान फाटका. तो कुणी पाळलेला नव्हता. छापलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपायचा आणि कुणी उठवलं तर त्यालाच बाजूला सरकायला लावायचा.

जानेवारी सरत आला. शेजारच्या आवारातल्या आंब्याला मोहोर फुटला. आमचं झाड गप्प. फेब्रुवारीत त्याने फांद्यांच्या टोकांना पालवी काढली, तांबूस, मऊ, उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी चमकणारी. सरांनी ती तशीच काढली. इतकी सुंदर पालवी मी पुस्तकात कधी पाहिली नव्हती.

"आणि मोहोर?" शैलाताईंनी विचारलं.

"आला की काढतो," सर म्हणाले.

तो आला नाही. मी पुन्हा एकदा 'बहुधा' म्हणून पाहिलं. शैलाताई म्हणाल्या, "येईल गं, झाडाला घाई नसते." शिरसाटांनी तर एप्रिलच्या सुरुवातीलाच बाजारातून मोठी टोपली आणि पेंढा आणून ठेवला, आंबे पिकवायची आढी घालायला.

एप्रिल संपता संपता शैलाताईंचा धीर संपला. शाळा उघडायच्या आत पुस्तक दुकानात जायला हवं होतं. शेवटचं चित्र अडलं होतं.

"तोडकर सर, अहो, आंब्याला आंबे काढायला काय हरकत आहे?"

"दिसत नाहीत ताई."

"मग मला दुसऱ्या कुणाकडून तेवढं एक करून घ्यावं लागेल. आणि मग मुखपृष्ठावर नावं दोन टाकावी लागतील. मला ते आवडणार नाही, पण इलाज नाही."

सर स्टूल भिंतीला लावून गेले होते. आणि त्यानंतर ते आज उगवले होते, ही गुंडाळी घेऊन.

शैलाताईंनी शेवटच्या पानाचा छापील कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला. खाली बारीक अक्षरात होतं, 'शास्त्रीय तपासणी: वैजयंती परब'.

"कर सही. शिरसाट आज रात्रीच छपाईची फिल्म काढायला पाठवतायत."

मी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

"सर," मी विचारलं, "हे झाड कुठलं?"

"कुठलं म्हणजे? हेच की."

"याला आंबे कुठे आहेत?"

तोडकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त थकलेले दिसले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "लेकीनं सगळ्या पेठेत सांगून ठेवलंय. नाव येतंय. येऊ द्या."

सही केली तर त्यांचं नाव येणार होतं. नाही केली तर काय होईल ते शैलाताईंनी सांगूनच ठेवलं होतं.

"परब, कशाला काढतेस गं खुसपट?" शैलाताई म्हणाल्या. "आंब्याला आंबे येतात. यात अशास्त्रीय काय आहे?"

"काही नाही. पण या झाडाला या वर्षी आले नाहीत. आधीच्या चित्रात पालवी आहे. ज्या काडीला आत्ता पालवी फुटली, तिला या वर्षी मोहोर येत नाही. मूल पानं मागे उलटेल आणि विचारेल, मोहोर कधी आला?"

"मॅडम," शिरसाट म्हणाले, "मूल चार वर्षांचं आहे. एम.एस्सी. नाही झालेलं."

"चार वर्षांचं मूलच पानं मागे उलटतं," मी म्हणाले. "मोठी माणसं नाही उलटत."

शिरसाटांची धाकटी तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

त्याच वेळी माझं लक्ष कागदाच्या कडेकडे गेलं. टेबलावरचा कागद जरा जाड वाटत होता. तो एक नव्हता, दोन होते.

"सर, याच्याखाली अजून एक चित्र आहे?"

"ते राहू द्या."

"काय आहे ते?"

"काही नाही. ते नुसतं खरं आहे."

शैलाताईंनी चष्मा घातला. त्यांनी स्वतः कोपऱ्यांवरच्या चारही वस्तू उचलल्या, वरचा कागद बाजूला केला आणि खालचा पसरला.

भर दुपारचं झाड होतं. सावली इतकी गडद आणि गार, की त्या कागदावर हात ठेवावासा वाटला. वसंतातली तांबूस पालवी आता हिरवी, निबर झाली होती, पण जुन्या पानांपेक्षा अजूनही एका छटेने उजळ होती. ती छटा सरांनी नेमकी पकडली होती. झाडाखाली शिरसाटांची टोपली होती. टोपलीत पेंढा होता. आणि पेंढ्यावर पाय वर करून, पोट उघडं टाकून, फाटक्या कानाचा बोका गाढ झोपला होता.

शिरसाट खिंकाळल्यासारखे हसले.

"ही माझी टोपली! अहो, मी रोज बघतोय, पेंढा दबतोय कसा! म्हटलं उंदीर झालेत."

"आढी घातली की तुम्ही," तोडकर सर म्हणाले. "बोका पिकतोय."

शैलाताईसुद्धा हसल्या, पण चित्रावरून नजर न काढता. मग त्यांचा चेहरा पुन्हा संपादकाचा झाला.

"चित्र चांगलं आहे. वरच्यापेक्षाही चांगलं आहे, मला कळतंय ते. पण हे पुस्तक असं संपवू कसं? अख्खं वर्ष मुलं त्या झाडाबरोबर फिरणार आणि शेवटी हातात काय? रिकामी टोपली. रिकामं झाड."

"झाड रिकामं नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शिरसाटांनी मान वळवली.

"म्हणजे, हे बघा." मी चित्रातल्या त्या उजळ पानांवर बोट टेकवलं. "गेल्या वर्षी झाडाने सगळी ताकद आंब्यांत घातली. नव्या काड्या केल्याच नाहीत. या वर्षी तेच काम चाललंय. काड्या वाढतात, पानं निबर होतात, अन्न साठतं. पुढच्या वर्षीचा मोहोर याच काड्यांच्या टोकाला येणार. म्हणजे आंबे आहेत, ते दिसत नाहीत एवढंच. झाड नुसतं बसलेलं नाही."

"हे तू मला वर्षभर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही आंबा दिलात."

शैलाताईंनी डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

"बरं. समजा मी असं लिहिलं, की आंबे पुढच्या वर्षी येतील. येतील?"

'बहुधा' दातांपर्यंत आला होता. तो खराही होता. मोहोर आला तरी ढगाळ हवेत जळतो. तुडतुडे पडतात, भुरी पडते. वळवाचं वादळ एका संध्याकाळी कैऱ्यांचा सडा घालतं. आणि काही झाडं दोन दोन वर्षं थांबतात, का ते नीट कुणालाच माहीत नाही. कुठल्याही परीक्षेत 'बहुधा' हेच उत्तर बरोबर ठरलं असतं.

तोडकर सर खाली बघून ते आंब्यांचं चित्र गुंडाळत होते. सावकाश, कड दुमडू न देता. शैलाताईंना 'कदाचित येतील' असं चित्र नको होतं. 'येतील' असं हवं होतं. नाही तर टेबलावर राहणार होते ते आंबे, नाही तर दुसऱ्या कुणाचे.

"येतील," मी म्हणाले.

शैलाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बहुधा?"

"नाही. येतील."

"लिहून देता मॅडम?" शिरसाट म्हणाले.

मी टोपण काढलं आणि त्या कच्च्या कागदावर सही केली. चित्र मात्र आंब्यांचं नाही, बोक्याचं घ्यायचं, असं शेजारी लिहिलं.

शैलाताई एकदा ठरलं की मागे वळून बघत नसत. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या शेवटच्या पानाचा मजकूर लिहिला. 'यंदा झाडाने पानंच पानं केली. आंबे पुढच्या वर्षी. बघायला या!' आणि खाली ऑफिसचा पूर्ण पत्ता टाकला. आमंत्रण द्यायचं आणि पत्ता द्यायचा नाही, हे त्यांच्या मते शिष्टाचाराला धरून नव्हतं. शिवाय मागणी नोंदवायलाही पत्ता लागतो, असं शिरसाट म्हणाले.

"आणि मुखपृष्ठ?" मी विचारलं.

"काय मुखपृष्ठ? चित्रं: नारायण तोडकर. ठरलंय ते." शैलाताई वैतागल्या. "आता पळा सगळे. प्रेसवाला ओरडतोय."

सरांनी डबी खिशात घातली. दारापाशी थांबून ते मला म्हणाले, "बाई, तुमच्या जिवावर बोका छापतोय. झाडाला सांगून ठेवा."

पुस्तक जूनमध्ये आलं आणि खपलं. ते आंब्यांचं चित्र ऑफिसच्या भिंतीवर लागलं. आम्ही त्याखाली बसून डबे खायचो.

मला एका कॉलेजात सकाळची तासिका मिळाली. रविवारी मात्र मी अंगणात यायची. जानेवारीच्या शेवटी पहिला मोहोर दिसला तेव्हा मी शिडी लावून तो हात लावून पाहिला. आठवडाभरात झाड पिवळसर तांबूस झालं, बोका शिंकू लागला आणि शिरसाट मला बघून सलाम ठोकू लागले. फेब्रुवारीत चार दिवस ढग आले. तुडतुडे पडून पानं चिकट झाली.

"मॅडम, तुमच्या सहीचं झाड चिकटलंय," शिरसाटांनी कॉलेजात फोन करून कळवलं.

मी फवारणीचा पंप पाठीला लावून शिडीवर चढले. शैलाताई खालून ओरडत होत्या, "परब, पडशील!" मी म्हणाले, "नाही पडणार." त्यावर त्यांनी शिडी घट्ट धरली. पूर्वी मी काय म्हणाले असते ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

एप्रिलमध्ये वळवाचं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी अंगणात कैऱ्यांवरून चालावं लागलं. शैलाताईंनी बरण्या भरून लोणचं घातलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. रस्त्याकडची सगळी बाजू झडली होती. बंगल्याच्या भिंतीआडची बाजू तेवढी टिकली. तिथे घोस होते. अर्धं झाड पुस्तकाच्या शेवटच्या पानासारखं, अर्धं झाड सिनेमासारखं.

तोडकर सर त्या महिन्यात दर रविवारी स्टूल टाकून बसलेले असायचे. काम नव्हतं, पुस्तकही नव्हतं. "सावली बरी आहे इथली," असं म्हणायचे.

मेच्या पहिल्या रविवारी फाटक वाजलं. हातात कापडी पिशवी घेतलेले एक आजोबा आणि त्यांचं बोट धरलेली मुलगी. फ्रॉकच्या खिशात चणे.

"ते पुढच्या वर्षीचं झाड इथंच का हो?" आजोबांनी विचारलं. "हडपसरहून येतोय. दोन बस बदलल्या. हिनं वर्षभर डोकं खाल्लं. रोज सकाळी उठली की एकच, 'आजोबा, पुढचं वर्ष झालं का?' दिवाळीत झालं का, संक्रांतीला झालं का. शेवटी म्हटलं, चल बाई, झालं."

मी फाटक उघडलं. मुलीने पिशवीतून पुस्तक काढलं. कोपरे पार मऊ झालेले, एका पानावर बहुतेक वरणाचा डाग. तिने शेवटचं पान उघडलं, पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, मग थोडं बाजूला करून झाडाकडे पाहिलं, मग परत पुस्तकाकडे.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. शैलाताई तर खिडकीत उभ्या होत्या.

"बोका कुठंय?" ती म्हणाली.

"अगं, आंबे बघ की किती लागलेत!" आजोबा म्हणाले.

"ते दिसले. बोका कुठंय?"

शिरसाट गोदामात धावले आणि बोक्याला काखेत मारून घेऊन आले. टोपली आणली, पेंढा टाकला, बोक्याला आत ठेवलं. बोका उठला, सगळ्यांकडे पाठ करून निघून गेला. मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचं समाधान झालं होतं. ती स्टुलापाशी आली.

"तुम्ही कोण?"

"मी?" तोडकर सर सावरून बसले. "ही चित्रं काढणारा माणूस."

"कशावरून?"

"नाव आहे की माझं. थांब, दाखवतो." त्यांनी पुस्तक मिटून मुखपृष्ठ वर केलं आणि त्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय. वाच."

मुलीने बोटाकडे पाहिलं. मग अक्षरांकडे. मग सरांच्या तोंडाकडे.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली.

सर क्षणभर तसेच राहिले, बोट अक्षरांवर. आणि मग असे हसले की स्टूल मागे कलंडलं आणि शिरसाटांनी धरलं म्हणून पडले नाहीत.

"ऐकलं का बाई? ऐकलं का ताई?" ते डोळे पुसत म्हणाले. "चाळीस वर्षांनी नाव लागलं. लेकीनं पेठेत पेढे वाटले. आणि गिऱ्हाईक कोण मिळालं, बघा!"

मुलीला आपल्यावर हसलेलं आवडलं नाही. तिने पुस्तक ओढून घेतलं आणि छातीशी धरलं.

"पण झाड ओळखलं मी," ती म्हणाली. "फाटकातूनच. आजोबा पुढं चालले होते, मीच म्हटलं, हे आहे."

"हो हो," आजोबा म्हणाले. "मी नंबर बघत होतो घराचे. हिनंच हात ओढला."

तोडकर सरांचं हसू थांबलं. त्यांनी खिशातून डबी काढली, न उघडताच परत ठेवली. मग उठून भिंतीला लावलेला झेला घेतला, लांब काठीच्या टोकाला बांधलेली जाळी, आणि घोसातला एक आंबा अलगद उतरवला. त्याच्या गालावर लाली वगैरे काही नव्हती. हिरवट होता, देठाशी चीक लागलेला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि मुलीच्या दोन्ही हातांत ठेवला. तिने आधी त्याचा वास घेतला.

"छान झालं," आजोबा पिशवी सावरत म्हणाले. "पुढच्या वर्षी परत घेऊन येतो हिला."

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले, "बहुधा..."

"या की," तोडकर सर मध्येच म्हणाले. "आंबे नसतील. बोका असेल."